सिनेमातला गरीब कोणत्या दाराने घरात येतो?

अबोली_बार्देस

गेल्या रविवारी भाचा घरी आला होता. त्याने टीव्हीला लॅपटॉप जोडून 'पॅरासाइट' लावला. बोंग जून-हो या कोरियन दिग्दर्शकाचा हा २०१९ चा चित्रपट. पुढच्या वर्षी त्याला ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, इंग्रजीत नसलेल्या चित्रपटाला पहिल्यांदाच. मी तो आधी पाहिला होता, पण या वेळी शेजारी आई बसली होती. तिला सबटायटल्स वाचता येत नाहीत, म्हणून मी मधे मधे कोकणीत सांगत होते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तळघरवजा घरात राहणारं चौघांचं कुटुंब एका श्रीमंत घरात एकेक करून कामाला लागतं. मुलगा शिकवणीला, मुलगी चित्रकलेची बाई म्हणून, बाप ड्रायव्हर, आई स्वयंपाकघरात. ते एकमेकांचे कोणी आहेत हे मालकांना ठाऊक नाही. एका रात्री मालक अचानक परततात आणि बाप-मुलांना दिवाणखान्यातल्या टेबलाखाली लपावं लागतं. वर सोफ्यावर मालक बायकोला सांगत असतो की ड्रायव्हरच्या अंगाला एक वास येतो, भुयारी रेल्वेने फिरणाऱ्या माणसांना येतो तसा. खाली तो ड्रायव्हर पडल्या पडल्या ऐकतोय.

मी हे आईला सांगायला लागले तर तिने हात वर केला. "कळ्ळें म्हाका."

पुढे मालकीण गाडीत मागे बसून नाक मुरडते आणि काच खाली करते, तिथे आई आपणहून बोलायला लागली. आमचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात (बागायतीत) होतं. आम्ही मुंडकार, त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारे. आई अकराव्या वर्षापासून आजीबरोबर भाटकाराच्या घरी जायची. अंगण सारवायचं, भात कांडायचं, नारळ पाडले की गोळा करून राशी मोजायच्या. जायचं ते मागील दाराने. तिथल्या सोप्यात एक लांब बाक होता. काम संपल्यावर कधी भाटकारीण म्हणायची, बसा गो जरा. या दोघी बसायच्या. उठल्या की भाटकारीण ओलं फडकं आणून तो बाक पुसून घ्यायची.

मी विचारलं, "रागाने?"

आई म्हणाली, "राग कसला? बोलता बोलता पुसायची. जेवण झाल्यावर आपण जागा पुसतो, तसं."

पन्नास वर्षांत तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं. एक कोरियन सिनेमा बघताना सांगितलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विचार घोळतोय. लहानपणापासून मी जे हिंदी-मराठी सिनेमे पाहिले, त्यांत गरीब माणूस श्रीमंताच्या घरात नेहमी पुढच्या दाराने येतो. पार्टी चालू असताना झुंबराखाली येऊन उभा राहतो, मालकाला चार शब्द सुनावतो, नाहीतर हात जोडून रडतो. मागील दार, तो बाक, ते फडकं मला पडद्यावर क्वचितच दिसलं. माझ्या आईची सगळी गरिबी तर तिथेच घडली.

तुम्हाला कुठे दिसलं? चांगला-वाईट असा शेरा नको. कोणता प्रसंग खरा वाटला, कोणता खोटा आणि का, ते लिहा.

---

मोगरा_मडगाव

अबोलीताई, तो बाक डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

मला लगेच आठवला तो चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४). गटार साफ करणाऱ्या कामगाराचा मृत्यू होतो आणि एका लोकशाहिरावर खटला भरला जातो की त्याच्या गाण्यामुळे त्या कामगाराने जीव दिला. कामगाराची बायको साक्षीला येते. तिच्या उत्तरांतून कळतं की नवरा मॅनहोलमध्ये आधी दगड टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे म्हणून उतरायचा. हे ती इतक्या सपाट आवाजात सांगते की ऐकणाऱ्यालाच श्वास लागतो. बचावाचा वकील सुखवस्तू घरातला, सज्जन, मनापासून गरिबांच्या बाजूचा. तो तिला गाडीतून सोडायला जातो आणि पैसे हवेत का विचारतो. ती पैसे घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते.

त्या गाडीत दोघं किती जवळ बसलेत आणि तरी किती लांब! तोच वकील दुसऱ्या एका प्रसंगात चकचकीत दुकानात चीज आणि वाइन घेताना दिसतो. सरकारी वकील बाई लोकलने घरी जाते, मुलाला पाळणाघरातून आणते आणि पदर खोचून स्वयंपाकाला लागते. कोणी कोणाला नावं ठेवत नाही. कॅमेरा लांब उभा राहून बघतो आणि कोण किती वाजता जेवतं, काय जेवतं, एवढ्यावरून सगळं कळतं.

दुसरा रोहेना गेरा यांचा 'सर' (२०१८). महाराष्ट्रातल्या खेड्यातली विधवा रत्ना मुंबईत एका श्रीमंत तरुणाच्या फ्लॅटमध्ये कामाला असते. कथा प्रेमाची आहे, पण मला लक्षात राहिली ती भिंत. तो आपल्या खोलीत, ती आपल्या खोलीत, आणि कॅमेरा मधल्या भिंतीतून सरकत जातो. एकीकडे मोठा पलंग, दुसरीकडे जेमतेम अंग टाकण्यापुरती जागा. रत्ना जेवते ती स्वयंपाकघरात, जमिनीवर बसून. तिला कोणी तसं सांगितलेलं नाही.

माझ्या घरीही कामाला मावशी येतात. 'सर' पाहिला त्या रात्री मी आमच्या मांडणीकडे पाहत उभी होते. मावशींचा कप वेगळा होता, कान तुटलेला. तो मी वेगळा ठेवला नव्हता. सासूबाईंच्या काळापासून तो तिथेच होता आणि मी कधी हलवला नव्हता. ताईंच्या आईने सांगितलेलं "बोलता बोलता" मला म्हणूनच फार लागलं.

---

रानवाट_सत्तरी

धागा मनापासून आवडला. वयाने मी तुम्हा सर्वांपेक्षा मोठा असेन, थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

श्रीमंत-गरीब म्हटलं की सिनेमावाले पैसा दाखवतात. मोठी गाडी, फाटका सदरा. आमच्या गोव्यात ही दरी आधी जमिनीची होती. भाट भाटकाराचं, घर मुंडकाराने स्वतःच्या हातांनी बांधलेलं, पण पायाखालची माती दुसऱ्याची. भाटकार म्हणाला ऊठ, तर उठायचं. म्हणून मागील दाराने जायचं, म्हणून बाक पुसलेला दिसला तरी बोलायचं नाही. मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात, १९६४ साली कुळ कायदा आला. मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ चा. त्यात मुंडकाराला घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, पालिका क्षेत्रात २०० पर्यंत. कुळ कायद्याच्या १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालक मानलं. तोवर शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या होत्या. या दहा-बारा वर्षांत गोव्यातल्या घराघरांत काय काय घडलं असेल! भाटकाराच्या डायनिंग टेबलावर काय बोललं गेलं, मुंडकाराच्या चुलीपुढे काय बोललं गेलं. तियात्रांनी, म्हणजे आमच्या कोकणी नाटकांनी, भाटकार-मुंडकार रंगवले, पण मोठ्या पडद्यावर मला तो काळ दिसलाच नाही.

जवळ पोचला तो श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल' (१९८५). मुक्तीच्या तोंडावरचा गोवा, लोटलीतलं मारियो मिरांडा यांचं घर, लीला नायडू त्या घराची दोना, म्हणजे मालकीण. तिच्या मोलकरणीचं काम नीना गुप्ता यांनी केलंय, मिलाग्रेनिया. दोना मेलेल्या नवऱ्याला बोलवायला बसते, माध्यम म्हणून ही मोलकरीण. आणि यजमानाच्या जागी येतात ती या घराने पूर्वी नाडलेली माणसं, आमच्या सत्तरीत पोर्तुगीजांविरुद्ध बंड केलेल्या राणे सरदाराचं भूतसुद्धा. मी तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला होता. घरात जिचा आवाज कधी ऐकू येत नाही, तिच्याच तोंडून घराचा इतिहास बाहेर येतो. मागील दाराचा सिनेमा म्हणायचा तर हा.

जमिनीचं म्हणाल तर बिमल रॉय यांच्या 'दो बीघा ज़मीन' (१९५३) ची बरोबरी अजून झालेली नाही. कर्ज फेडायला शंभू कलकत्त्यात रिक्षा ओढतो. बलराज साहनी. रिक्षांच्या शर्यतीचा प्रसंग सगळ्यांना आठवतो, पण माझा जीव अडकलाय शेवटात. शंभू परततो तर त्याच्या जमिनीवर कारखाना उभा राहतोय. तो कुंपणाजवळ वाकून मूठभर माती घेतो आणि पहारेकरी ती टाकायला लावतो. मूठभर माती! ज्यांच्या घरात मुंडकारीचा दावा चालला आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

आता ताईंच्या आईच्या फडक्याबद्दल. 'पॅरासाइट'मधला वास तळघराचा आहे. त्या कुटुंबाला उजेडाचं घर मिळालं तर तो वास जाईल, निदान तशी आशा आहे. आपल्याकडच्या ओल्या फडक्यात गरिबीबरोबर जातही आहे. घर बदललं तरी आडनाव सोबत येतं. ही गोष्ट नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने (२०१३) सरळ सांगितली. जब्या हा शाळकरी मुलगा आणि त्याचं दलित कुटुंब डुकराच्या मागे धावत असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर समोरून निघून जातं. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड आपल्या, प्रेक्षकांच्याच अंगावर येतो. श्रीमंत-गरीब एवढेच शब्द घेऊन आपल्याकडचा सिनेमा पुरा पडत नाही, असं माझं मत आहे.

---

पडद्यामागचा

मी गेली बारा वर्षं गोव्यात होणाऱ्या शूटिंगना लायटिंगच्या टीमबरोबर काम करतो. सिनेमातली गरिबी कशी तयार होते ते रोज बघतो, म्हणून लिहितो. निर्मात्याचं आणि चित्रपटाचं नाव देत नाही.

कथेत गरीब मच्छीमाराचं घर हवं होतं. किनाऱ्यापासून थोडं आत एका खारवी कुटुंबाचं घर भाड्याने ठरलं. दोन खोल्या, पुढे ओटी, कौलं. चतुर्थी होऊन काहीच दिवस झाले होते, भिंतींना नवा रंग, माटोळीच्या (गणपतीवर फळं टांगायच्या चौकटीच्या) काठ्या अजून वर बांधलेल्या. कला विभागाची माणसं आली आणि म्हणाली, हे फार नीटनेटकं आहे. मग फ्रिज शेजारी हलवला. स्टीलचे डबे उतरवले, त्यांच्या जागी बाजारातून आणलेली पोचे पडलेली अ‍ॅल्युमिनियमची भांडी मांडली. टीव्हीवर घरच्या मुलीने विणलेलं क्रोशाचं झाकण होतं, ते काढलं. भिंतीवर चहाचं पाणी आणि कोळशाची पूड फडक्याने चोळली. दोरीवर फाटकी साडी टाकली. मी दिव्याची तार ओढत होतो. घरची बाई दारात उभी राहून हे बघत होती. तिने मला विचारलं, "आमचं घर गरीब दिसत नाही का?"

मला उत्तर देता आलं नाही. भाडं वेळेवर मिळालं तिला, त्याबद्दल तक्रार नाही. भिंत नंतर टीमने रंगवून दिली, पण आधीचा रंग मुलीने स्वतः निवडला होता आणि तो नेमका मिळाला नाही.

तेव्हापासून कुठलाही सिनेमा बघताना मी भिंती बघतो. गरीब घरात माणसं सगळ्यात जास्त कष्ट घेतात ते गरीब न दिसण्यासाठी. डबे उंचीप्रमाणे एका रांगेत लावलेले असतात. मुलाच्या शाळेच्या शर्टची कॉलर दुपारी धुवून सकाळपर्यंत वाळवलेली असते. पाहुणा आला की एकच प्लास्टिकची खुर्ची पुसून पुढे केली जाते. ही धडपड सिनेमात येत नाही, कारण ती पडद्यावर गरीब दिसत नाही. रानवाटकाकांनी 'फँड्री' म्हटलं ते म्हणूनच बरोबर आहे. त्यातल्या जब्याला जीन्स हवी असते. साधी जीन्स. आपण वर्गातल्या शालूला कसे दिसतो, हाच त्याच्या जिवाला घोर. तो पोरगा मी रोज बघतो, सेटवर चहा वाटताना.

श्रीमंतांच्या घरात शूटिंग असलं की काहीच बदलावं लागत नाही. जुनं घर असतं, झुंबर पुसायचं, लाकडी फरशीवर चटई टाकायची, बूट काढून आत जायचं. तिथे आमच्या लोकांना पाणी कुठे प्यायचं ते पहिल्या दिवशीच सांगतात.

---

खाणपट्टा_डिचोली

सगळ्यांचं वाचलं. पटलंही बरंचसं. तरी मला वेगळी बाजू मांडायची आहे.

माझे बाबा १९७५ च्या सुमारास खनिजाच्या ट्रकवर क्लीनर होते. लाल धुळीने माखलेले दिवस. तेव्हा त्यांनी म्हापशाला जाऊन 'दीवार' पाहिला. त्यात बूटपॉलिश करणारा लहान विजय गिऱ्हाईकाने फेकलेलं नाणं उचलत नाही, हातात द्या म्हणतो. आता वास्तवाच्या कसोटीवर हा प्रसंग टिकेल का? बूटपॉलिश करणारा कितीसा हट्ट धरू शकणार? पण माझे बाबा आज सत्तरीच्या पुढे आहेत आणि दुकानदाराने सुटे पैसे काउंटरवर टाकले तर ते उचलत नाहीत. हात पुढे करून थांबतात. दुकानदार ओशाळतो, पैसे गोळा करून त्यांच्या तळहातावर ठेवतो. मी लहानपणापासून हे बघत आलोय. लहान असताना लाज वाटायची, मागे रांग लागलेली असायची. आता मीही तसाच थांबतो.

हे त्यांना कुठल्याही वास्तववादी सिनेमाने दिलं नसतं. त्याच चित्रपटात आईने ज्या इमारतीच्या कामावर विटा वाहिल्या ती इमारतच मुलगा तिच्यासाठी विकत घेतो. खोटं? असेल. पण बाबांसारख्या माणसाला तीन तास कोणीतरी सांगितलं की तुझ्या आईचे कष्ट कोणीतरी मोजून ठेवलेत. 'कोर्ट' बाबांना दाखवला होता मी. ते म्हणाले, हे मला माहीत आहे, मला का दाखवतोस?

पुढच्या दाराने येणारा नायक खोटा आहे हे मान्य. पण मागील दाराने जन्मभर गेलेल्या माणसाला तो खोटा नायकच हवा असतो, हेही तितकंच खरं.

---

अबोली_बार्देस

खाणपट्टादादा, तुमच्या बाबांचा तळहात मला दिसला. माझ्या प्रश्नात ही बाजू नव्हती, ती तुम्ही आणलीत. माझी तक्रार त्या नायकाबद्दल नाहीच. तो यावा. पण त्याच्या आईला सिनेमा फक्त खोकत, शिवणयंत्रावर बसवतो आणि देवापुढे उभी करतो. ती ज्या घरात कामाला जाते, तिथे तिच्याशी कसं बोलतात, तिला किती वाजता पेज मिळते, घरी जाताना उरलेलं कशात बांधून देतात, हे दाखवलं तर नायकाचा राग खोटा वाटणार नाही.

पडद्यामागचा, तुम्ही लिहिलेलं वाचून माझ्या आईने आपल्या मांडणीकडे पाहिलं. आमचे डबे अजून उंचीप्रमाणेच आहेत.

---

तेरेखोलचा_वारा

इथे सगळे भाटकार-मुंडकार म्हणतायत, म्हणून मला आजच्या गोव्याचं लिहावंसं वाटलं. मी इलेक्ट्रिशियन आहे. आसगाव, शिवोली, मोरजी या भागात नवे व्हिला बांधतात त्यांचं वायरिंग करतो. आता मुंडकाराची मुलं शिकली, कोणी बोटीवर, कोणी सरकारी नोकरीत, कोणी माझ्यासारखी धंद्यात. मागील दाराने आज दुसरी माणसं येतात. कर्नाटकातून, झारखंडमधून, ओडिशातून, बिहारमधून आलेली. मासळीच्या ट्रॉलरवर ती, बांधकामावर ती, शॅकमध्ये भांडी घासायला ती, बंगल्यात राखणीला ती.

व्हिलाचा नकाशा माझ्या हातात येतो तेव्हा मी सगळ्यात आधी स्वयंपाकघराच्या मागची एक छोटी खोली बघतो. प्रत्येक बेडरूमला एसीचे पॉइंट, बाथरूममध्ये गीझर, आरशामागे वेगळा दिवा, पोहण्याच्या तलावात पाण्याखाली दिवे. आणि त्या खोलीत एक पंखा, एक दिवा, एक प्लग. गेल्या वर्षीच्या एका कामावर त्या खोलीला खिडकीच नव्हती. एका बाजूला गॅस सिलिंडरची जागा, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पंप. 'पॅरासाइट' मी नंतर पाहिला. त्यातलं तळघर बघताना मला ती खोली आठवली. मी तिथे भिंतीत एक्झॉस्टचा पॉइंट माझ्या मनाने काढून ठेवला होता, बिलात लावला नाही. पंखा बसवला की नाही माहीत नाही.

त्याच चित्रपटातली पावसाची रात्र आठवा. गरीब कुटुंबाचं घर गटाराच्या पाण्याने भरतं, ते शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपतात. दुसऱ्या दिवशी मालकीण वाढदिवसाची तयारी करत म्हणते, पाऊस पडला ते बरंच झालं. गोव्यात जूनमध्ये हे दर वर्षी घडतं. वरच्या बंगल्यात पावसाचे फोटो काढतात आणि खाली मजुरांच्या खोल्यांत पाणी शिरतं.

हिंदी सिनेमाचा गोवा सुट्टीचा. 'दिल चाहता है' (२००१) मलाही आवडतो, शापोरा किल्ल्यावरचे ते तीन मित्र कोणाला आवडत नाहीत? पण त्यांच्या खोलीची चादर कोण बदलतं? त्या आधी 'बॉबी'त (१९७३) श्रीमंताचा मुलगा आणि गोव्याच्या मासेमाराची मुलगी. तिथे निदान आपला माणूस कथेच्या मधोमध होता, पण दारू आणि नाच याच रंगांत. आजच्या गोव्यातल्या परप्रांतीय गरिबावर कॅमेरा वळवला तो लक्ष्मीकांत शेटगांवकर यांनी, 'बागा बीच'मध्ये (२०१३). पर्यटनाच्या किनाऱ्यावर पोटासाठी आलेली कुटुंबं, त्यांची मुलं आणि त्या मुलांचं जे शोषण होतं ते. कोकणी चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण आमच्या गावात तो पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आपण मुंडकार होतो याचं दुःख आपल्याला कळतं. आज आपण कोणाचे भाटकार झालो आहोत, हे आपल्यावर कोणी सिनेमा काढला तर बघवेल का?

---

रानवाट_सत्तरी

तेरेखोल, तुमचा शेवटचा प्रश्न दुपारपासून मनात आहे. माझ्या मुलानेही मागच्या बाजूला चार खोल्या बांधून भाड्याने दिल्यात. एका खोलीत सहा माणसं. उद्या जाऊन त्यांच्या खिडक्या बघणार आहे.

एक जुनी गोष्ट सांगतो. १९४६ साली पहिल्या कान महोत्सवात सर्वोच्च मान मिळालेल्या चित्रपटांत आपला एक होता, चेतन आनंद यांचा 'नीचा नगर'. वर डोंगरावर श्रीमंत, खाली गरिबांची वस्ती, आणि वरचा धनिक आपलं गटाराचं पाणी खालच्या वस्तीकडे वळवतो. रोगराई पसरते, लोक एकत्र येतात. 'पॅरासाइट'मध्ये पावसाचं पाणी पायऱ्या-पायऱ्यांनी श्रीमंत वस्तीतून खाली उतरत जातं ते बघताना मला तोच सिनेमा आठवला. मधे सत्तर वर्षांहून जास्त काळ गेला. पाण्याचा उतार तोच आहे.

खाणपट्टा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं उत्तर खोडून काढण्याजोगं नाही. फक्त एवढंच म्हणेन, 'कोर्ट' त्यांच्यासाठी नसेलही. तो त्या दुकानदारासाठी असेल.

---

मोगरा_मडगाव

दुकानदारासाठी आणि माझ्यासाठी.

पडद्यामागचा, एक विचारायचं होतं. त्या घरातल्या बाईने नंतर तो चित्रपट पाहिला का?

---

पडद्यामागचा

पाहिला. मोबाईलवर, मुलीबरोबर. त्यांचं घर दोन मिनिटं दिसतं. मी नंतर त्या बाजूला गेलो होतो तेव्हा तिने सांगितलं, "नुस्तें (मासे) कापायची माझी आडाळी (विळी) तेवढी खरी होती, ती ठेवली होती त्यांनी."

---

अबोली_बार्देस

काल रात्री आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. दोन बैठका लागल्या, मधे तिला चहा हवा होता. तेरेखोलच्या एक्झॉस्टपाशी तिने मला परत वाचायला लावलं. खाणपट्टादादांच्या बाबांबद्दल म्हणाली, "बरें केलें ताणें."

मग म्हणाली, तू अर्धंच लिहिलंस. भाटकारीण दर चतुर्थीला लुगडं द्यायची, तेही लिही. तुझ्या वेळी मी अडले होते तेव्हा रात्री तिचीच गाडी मिळाली होती. मी म्हटलं, आणि बाक? ती म्हणाली, बाक पण पुसायची. दोन्ही एकाच बाईने केलं. सिनेमात एक तर दुष्ट असते, नाहीतर देवी. तशी बाई मी कुठे पाहिली नाही.

आमच्या बाबांनी मुंडकारीचा अर्ज घातला तेव्हा भाटकारणीने बोलणं टाकलं. लुगडं बंद झालं, मागील दारही बंद झालं. बरीच वर्षं. पुढे घराखालची जागा आमच्या नावावर झाली, कागद आला, आईने तो देवाऱ्यात ठेवला होता हे मला आठवतं. भाटकारीण वारली ते त्यानंतर. आई त्यांच्याकडे गेली. सवयीने मागच्या बाजूला वळली तर त्यांचा मोठा मुलगा धावत आला आणि म्हणाला, पुढून या, आईला पुढे ठेवलंय.

आयुष्यात पहिल्यांदा ती त्या घरात पुढच्या दाराने गेली. मी विचारलं, कसं होतं गं आतून? तिला झुंबर आठवत नाही, तसबिरी आठवत नाहीत. पायांखाली फरशी फार थंड होती म्हणाली. भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, बस गो. खुर्ची रिकामी होती.

"बसलीस?"

"ना. हांव उबीच रावलें."